ओसरीवरची आई आणि बेवारस गोळी

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आई ७४ वर्षांची. चार महिन्यांत तीनदा पडली. पहिल्यांदा रात्री लघवीला उठून अंगणात जाताना ओसरीच्या पायरीवर. दुसऱ्यांदा देवापुढून उठताना. आणि आता परवा पहाटे पुन्हा त्याच पायरीवर. यावेळी उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय.

१९९३ च्या भूकंपात आमचं घर पडलं, माझी धाकटी आत्या त्यात गेली. तेव्हापासून आई आतल्या खोलीत झोपत नाही, बारा महिने ओसरीवरच. त्याच वेळी कॅम्पातल्या डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी दिली होती. पुढं नावं बदलत गेली, गोळी सुटली नाही. गेल्या वर्षी वडील वारले, आईनं जेवण सोडलं, तेव्हा लातूरला दाखवलं. त्यांनी मन उदास झाल्याची एक गोळी लावली. बीपीची आहेच. तळपायाची आग होते म्हणून गावातल्या डॉक्टरांची एक आहे.

पुण्याचा भाऊ म्हणतो, आई या डोक्याच्या गोळ्यांनीच पडतेय, सगळ्या बंद करा. त्याच्या सांगण्यावरून झोपेची आणि उदासीची अशा दोन्ही पाच दिवस बंद ठेवल्या. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, घाम, डोळ्याला डोळा नाही. पाचव्या रात्री "तुझे बाबा पायरीवर बसलेत" म्हणायला लागली. घाबरून परत सुरू केल्या. बायको म्हणते दोष गोळ्यांचा नाही, आई कुणाला न उठवता एकट्या उठतात त्याचा आहे. आई म्हणते, "गोळी काढली तर मी मरन." करायचं काय? पाकिटांचा फोटो सोबत आहे.

एक शिक्षक, औसा तालुका

*

गुरुजी, पत्राआधी मी फोटोच मोठा करून पाहिला. पाकिटं पालथी ठेवलीत ते बरं केलंत. औषधाचं खरं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं, पुढं नुसतं कंपनीनं ठेवलेलं नाव.

पहिलं पाकीट क्लोनाझेपाम, अर्धा मिलिग्रॅम. ही तुमची झोपेची गोळी. दुसरं लातूरचं, एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, ही उदासीची. पण त्याच्याच खालच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. 'क्लोनाझेपाम ०.५'. ही जोडगोळी आहे, एकाच गोळीत दोन औषधं. आपल्याकडं अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात आणि सर्रास लिहिल्या जातात. म्हणजे वर्षभर तुमच्या आई रोज एकच औषध दोनदा घेतायत, दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या डॉक्टरांचं. तुम्ही मास्तर आहात, तुमच्या नजरेतून सुटलं. ज्यांच्या घरी वाचणारंच कुणी नाही त्यांचं काय होत असेल?

तिसरं बीपीचं. टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. चौथं तळपायाच्या आगीचं, अमिट्रिप्टिलिन २५. आणि कोपऱ्यात अर्धं संपलेलं पाचवं, ज्याचा पत्रात उल्लेखच नाही. सर्दीची गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामिन. "ती काय, सर्दीची आहे" असं तुम्ही म्हणाल. म्हातारपणी सर्दीची गोळीही झोपेची गोळीच असते.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट, या सदराच्या इतर वाचकांसाठीही. जे पाच दिवस केलंत ते पुन्हा करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, यातलं काहीही एकाएकी बंद केलं तर मेंदू बिथरतो. थरथर, घाम, झोप उडणं, भास होणं, आणि काहींना फिट येते. भावाला वाटलं गोळी सुटतेय, प्रत्यक्षात मेंदूखालची उशी ओढून घेतली होती. दोन दिवस काही झालं नाही याचं कारणही औषधातच आहे. क्लोनाझेपाम अंगातून फार सावकाश उतरतं, निम्मं उतरायलाच ३० ते ४० तास लागतात. तिसऱ्या दिवशी ते खऱ्या अर्थानं कमी झालं आणि आईंचे हात कापायला लागले.

हेच ३० ते ४० तास पडण्याच्याही मुळाशी आहेत. काल रात्री घेतलेल्या गोळीतली निम्म्याहून अधिक आज रात्री अजून अंगात असते, तिच्यावर आजची गोळी चढते. तरुण माणसाचं यकृत हे रेटून नेतं. सत्तरीनंतर यकृत मंदावतं, अंगातलं पाणी कमी होऊन चरबीचं प्रमाण वाढलेलं असतं आणि ही औषधं चरबीत मुरतात, वर मेंदूही तेवढ्याच डोसला जास्त झुकतो. १९९३ साली बेचाळिशीच्या बाईला जी गोळी सोसली ती चौऱ्याहत्तरीत सोसेल असं धरून चालण्यात अर्थ नाही. गोळी तीच आहे, घेणारं शरीर तेच राहिलं नाही.

पडणं म्हणजे नुसतं झोपेत लडखडणं असंही नाही. पायरीवरून पाय घसरतो तेव्हा शहाणं शरीर पाऊण सेकंदात दुसरा पाय टाकतं, हात खांबाकडं जातो. ही हालचाल आपण ठरवून करत नाही, ती होते. क्लोनाझेपाम नेमकी तीच हालचाल सुस्त करतं. म्हणून अशी माणसं घसरत नाहीत, कोसळतात. "कशी पडले कळलंच नाही" हे वाक्य मी ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी ऐकते.

देवापुढून उठताना पडल्या, ते मात्र वेगळं प्रकरण असावं. खाली बसलेलं माणूस उठतं तेव्हा रक्त पायांकडं उतरतं, आणि पायातल्या नसा आकसून ते वर ढकलतात. अमिट्रिप्टिलिन नसांना आकसू देत नाही. बीपीची गोळी त्यात भर घालते, लघवी वाढवणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं. उठल्याबरोबर बीपी खाली येतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. हे ताडायला लातूरलाही जायला नको. घरी मशीन असेल तर ठीक, नसेल तर उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा. आईंना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं. मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभं असताना एकानं दंडाला धरून राहायचं, मापायला जाऊन पाडायचं नाही. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उत्तर मिळालं. हातात वही घ्या आणि तीन-चार दिवस, सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा, लिहून ठेवा. प्लास्टर नसलेल्या हाताला पट्टा बांधा, हे सांगायला नको, पण सांगते.

दुसरी तपासणी रक्ताची. सोडियम. एस्सिटालोप्राममुळं म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बायकांत, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल तर दोघं मिळून उतरवतात. १३५ ते १४५ हे ठीक. १२५ च्या आसपास आलं की माणूस झोक जाऊन चालतं, काहीबाही बोलतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते. तीच सुई टोचताना साखर आणि बी-१२ पण बघून घ्या. तळपायाची आग कशानं होते हे कुणी शोधलंय असं पत्रावरून दिसत नाही, नुसती आग विझवायची गोळी चालू आहे. ती बदलून प्रीगाबालिन देऊ असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा की तिनंही झोक जातो.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. जालन्याकडचे एक आजोबा होते, दुष्काळात मोसंबीची बाग वाळली, कुऱ्हाड लावावी लागली, त्यानंतर बोलायचे बंद झाले. मुलगा घेऊन आला. मी नीट विचारपूस केली, झोप नाही, भूक नाही, वजन उतरलेलं. अमिट्रिप्टिलिन लिहिली, रात्री २५. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरून उठले आणि बाजेशेजारीच खाली बसले ते उठलेच नाहीत, खुब्याचं हाड मोडलं. नंतर कळलं, लघवी अडते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची प्रोस्टेटची गोळी चालू होती, तीही बीपी उतरवणारी. मी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" ते नाही म्हणाले. कारण ती औषधं दुसऱ्या पिशवीत होती, आणि ती पिशवी 'तिकडच्या' डॉक्टरांची होती. माझ्यासमोर तिचं नाव काढणं त्यांना आगाऊपणा वाटला असेल. आडवं नि उभं बीपी मोजायला आठ-दहा मिनिटं लागली असती, मी मोजलं नाही. आजोबा वाचले, पण नंतर काठी सुटली नाही. तेव्हापासून मी विचारत नाही. "पिशवी ओता" म्हणते, टेबलावर. आयुर्वेदाचं चूर्ण, कफाचं सिरप, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं.

तुमच्या घरची पिशवी ओतली की काय दिसतं? झोपेची गोळी भूकंपाच्या कॅम्पातली, ते डॉक्टर कुठले कुठं गेले. जोडगोळी लातूरची. आगीची गोळी गावची. बीपीची कुणाची, पत्रात नाही. प्रत्येकाला वाटतं बाकीच्या गोळ्या दुसरं कुणीतरी बघतंय. झोपेच्या गोळीला तर गेली तीस वर्षं कुणी धनीच नाही, बेवारस जनावरासारखी ती दारात येते आणि तिला चारा मिळतो. चिठ्ठी किती जुनी आहे बघा बरं. माझ्याकडं येणाऱ्या अशा चिठ्ठ्या घडीवर फाटून चार तुकडे झालेल्या असतात, मागून सेलोटेप. मेडिकलवाला ओळखीचा असतो, तो चिठ्ठी बघतच नाही. खरं तर १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम अशा औषधांसाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची असा नियम आहे. नियम आहे, आणि ओळखही आहे. कोण जिंकतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपलं पहिलं काम म्हणजे या गोळीला एक धनी शोधणं. एकच डॉक्टर, जो पाचही पाकिटं समोर ठेवून सांगेल की यातली कोणती कशासाठी आणि कधीपर्यंत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, अंबाजोगाईलाही आहे. जिथं आधी दाखवलं तिथंच पुन्हा गेलात तरी चालेल, भांडायला मात्र जाऊ नका. जोडगोळी लिहिणाऱ्यांना पहिली गोळी माहीतच नसेल, किंवा ती बंद होईल असं त्यांनी धरलं असेल. नुसतं दोन्ही पाकिटं पालथी करून पुढं सरकवा. एवढं पुरतं.

तिथं काय मागायचं? झोपेच्या औषधाबद्दल मी आधी एवढंच मागेन की जोडगोळीऐवजी साधी एस्सिटालोप्राम द्या आणि क्लोनाझेपाम वेगळं करा, म्हणजे ते कमी करता येईल. इथं एक खाच आहे. जोडगोळी काढून साधी दिली की क्लोनाझेपाम एका रात्रीत निम्म्यावर येतं, आणि आईंच्या अंगानं निम्म्यावर आलेलं सहन करावं अशी अपेक्षा करता येत नाही. आधी एकूण डोस तेवढाच ठेवून, मग दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, या चालीनं उतरायचं. पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या कापायला मेडिकलवर छोटी डबी मिळते. आडकित्त्यानं किंवा विळीवर कापू नका, भुगा होतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करत नाहीत तसं हे. सहा महिने, वर्षही लागेल. मध्ये कुणाचं लग्न आलं, घरात आजारपण आलं, तर त्या महिन्यात खाली उतरू नका, तिथंच थांबा. वर मात्र चढू नका. शेवटचा पाव तुकडा सगळ्यात चिवट असतो.

अमिट्रिप्टिलिन बहुधा जाईल, तीही हळूहळू. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी काढते. बीअर्स यादी म्हणतात तिला. १९९१ साली पहिल्यांदा निघाली, २०२३ मध्ये नव्यानं तपासली गेली. क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलिन, क्लोरफेनिरामिन, तुमच्या फोटोतली ही तिन्ही नावं तिच्यात आहेत. सर्दीची गोळी तर आजच कचऱ्यात टाका, तिला सावकाश सोडायची गरज नाही.

पण उदासीची गोळी? इथं मी तुमच्या भावाशी भांडेन. त्याच यादीत असंही आहे की जो आधी पडलाय, ज्याचं हाड मोडलंय, त्याला एस्सिटालोप्रामच्या जातीची औषधंसुद्धा दुसरा बरा पर्याय नसेल तरच द्यावीत. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की उदास माणूसही पडतं. जेवत नाही, पायातलं बळ जातं, अंथरुणाला खिळून राहिल्यानं तोल जातो, खाली बघत चालतं. आईंनी जेवण सोडलं होतं, आता जेवतात का? रेडिओ लावतात का, नातवंडांना हाका मारतात का? तसं असेल तर ती गोळी आपलं काम करतेय. सोडियम ठीक असेल तर ती ठेवावी असं माझं मत आहे. १० मिलिग्रॅम हा म्हाताऱ्या माणसासाठी पुरेसा डोस आहे, वर नेऊ नका. कधी सोडायची ते डॉक्टर ठरवतील, पण बापाच्या वर्षश्राद्धाच्या तोंडावर ती सोडवायची घाई मी करणार नाही. 'डोक्याच्या गोळ्या' असा एकच गठ्ठा बांधला की त्यातली कामाचीही फेकली जाते.

एक गोष्ट तुम्ही तिघांनी अजून केलेली नाही. आईंशी बोलणं. त्या काय घेतात हे त्यांना कुणी सांगितलंय का? आपल्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर गोळ्या ठेवतात आणि पाण्याचा तांब्या पुढं करतात. "ही कशाची?" असं तिनं विचारलं तर "घे गं, डॉक्टरनी दिलीय." कॅनडात २०१४ साली एक प्रयोग छापून आला. वर्षानुवर्षं झोपेच्या अशा गोळ्या घेणाऱ्या ६५ च्या पुढच्या माणसांना घरपोच एक साधी पुस्तिका दिली, गोळी काय करते आणि कशी कमी करायची हे सांगणारी. सहा महिन्यांत त्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के. आणि न्यूझीलंडचा त्याआधीचा, १९९९ चा अनुभव उलट बाजूचा आहे. तिथं अशी औषधं हळूहळू कमी केली तेव्हा पडण्याचा धोका तब्बल ६६ टक्क्यांनी उतरला. पण अभ्यास संपल्यावर महिनाभरात ज्यांची सुटली होती त्यातल्या जवळपास निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. पाय टिकले होते, पण रात्र काढायची कशी हा प्रश्न तसाच राहिला असणार.

म्हणून आईंच्या रात्रीकडं बघू. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपली होती. आई रात्री किती वाजता जाग्या होतात, मला सांगा. साडेतीन-चारच्या सुमारास होत असतील तर मला नवल वाटणार नाही. पायरीवर दोन्ही वेळा पडल्या त्या अंधारातच. ही नुसती लघवीची जाग आहे की भीतीची, हे त्यांनाच विचारायला हवं, आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगायला हवं. अशा भीतीवर इलाज आहे. बोलून केला जाणारा, नेमाचा. झोपेची गोळी भीतीवर पांघरूण घालते. तीस वर्षं पांघरूण घातलेलं आहे म्हणून त्या म्हणतात "मी मरन." याला हट्ट म्हणू नका. ज्या बाईनं एका पहाटे घर आणि नणंद दोन्ही गमावलं तिला गोळीच्या पाकिटात भिंत दिसत असेल.

आणि झोपेचा हिशेब साधा आहे, तो घरात बसून करा. गावाकडं म्हातारी माणसं सात वाजता जेवतात, आठला पाठ टेकतात. तीनला जाग आली तर सात तास झाले! झोप पूर्ण झालेली असते, आणि माणूस म्हणतं, "मला झोपच येत नाही." दुपारचा दीड तास वेगळाच. त्यांना साडेनऊ-दहापर्यंत जागं ठेवा, नातवाचा अभ्यास घ्यायला लावा, मालिका बघू द्या, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. संध्याकाळचा चहा चारनंतर नको. लघवी वाढवणारी बीपीची गोळी रात्री देत असाल तर सकाळी देता येईल का विचारा, रात्रीची एक खेप वाचेल.

ओसरीवरून त्यांना आत न्यायचा प्रयत्न करू नका. गोळी कमी होत असताना ओसरीही काढून घेतलीत तर दोन आधार एकदम जातील. ओसरीच सुधारा. त्या पायरीला मुठीत मावेल असा लोखंडी पाइप लावून घ्या, गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात बसवतो. पायरीच्या कडेला पांढरा ऑइलपेंटचा पट्टा. बॅटरीवर चालणारा, हालचाल झाली की पेटणारा दिवा मिळतो, तो खांबाला लावा, लाइट गेली तरी चालतो. शहाबादी फरशी ओली झाली की साबण लावल्यासारखी होते, सडा-पोछा त्यांच्या उठायच्या आधी नको. बाजेची उंची गुडघ्याएवढी हवी, ती सैल होऊन झोळी झाली असेल तर सुंभ ओढून घ्या. पहाटे अंगणात जायच्याऐवजी बाजेशेजारी लघवीसाठी भांडं बसवलेली खुर्ची ठेवली तर सगळ्यात उत्तम, पण त्यांना ते आवडणार नाही हे मला माहीत आहे. सून म्हणून नव्हे, त्यांची बहीण किंवा मैत्रीण कुणी असेल तिच्याकरवी विचारून बघा. उशाशी घंटी ठेवा, देवघरातली जुनी चालेल. "हाक मारा" म्हटलं की त्यांना संकोच वाटतो, घंटी वाजवायला वाटत नाही.

तुमच्या पत्नी म्हणतात ते खरं आहे, एकटं उठणं वाईट. पण सुनेची झोप मोडू नये म्हणूनच सासू एकटी उठते, हे त्यांनी मनात धरावं आणि रागावू नये.

मनगटाबद्दल एक राहिलं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे हाड ठिसूळ झालेलं आहे, असंच धरायचं. प्लास्टर काढल्यावर विषय मिटला असं समजू नका, हाडाच्या डॉक्टरांकडून ठिसूळपणाची तपासणी आणि औषध विचारून घ्या. पुढचं हाड खुब्याचं असतं.

पुन्हा पडल्या आणि डोक्याला लागलं, किंवा त्यानंतर काही दिवसांनीच काय पण दोन-तीन आठवड्यांनीही जास्त झोपाळल्या, बोलणं अडखळलं, एका बाजूचं बळ कमी वाटलं, तर डोक्याचा सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी लगेच न्या. "गोळीची गुंगी असेल" म्हणत रात्र काढू नका. उठवताना पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर उभं करायचा प्रयत्नच नको. तुमच्या आई सत्तरीच्या पुढच्या आहेत, दवाखान्यातल्या उपचारांसाठीचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. रात्री-अपरात्री मनाच्या आजाराबद्दल विचारायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

इतर वाचकांना दोन शब्द. विसराळूपणाचा आजार झालेल्या आई-वडिलांना रात्री ओरडतात म्हणून क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल चालू असेल तर दर भेटीला विचारा, अजून लागते का. या माणसांत ही औषधं जिवावर बेतू शकतात असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं पहिल्या दोन्हींबद्दल २००५ साली आणि हॅलोपेरिडॉलबद्दल २००८ साली दिला आहे. पण ज्यांना स्किझोफ्रेनियासारखा जुना आजार आहे त्यांची हीच औषधं पडण्याच्या भीतीनं कुणी बंद करू नये, डोस कमी करता येतो, त्याबद्दल बोला. आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम घेणाऱ्यांनी आपल्या भागातला एप्रिल-मे जपावा. अंगातलं पाणी आटलं की रक्तात लिथियम चढतं, हात कापतात, पाय लटपटतात. निर्जळी उपास त्यांना नकोच.

गुरुजी, लातूरला जाताना पिशवी आणि बीपीची वही दोन्ही न्या. पुण्याच्या भावाला काही करायचंच असेल तर त्याच्यासाठीही काम आहे. आईंना संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, वर्तमानपत्रावर उभं करा आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिलनं रेघ ओढा. त्याचा फोटो नको, माप चुकतं, तो कागदच पाठवा. त्या मापाची, मागं पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल त्यानं आणावी. सध्याची स्लीपर, फोटोत पाकिटांच्या कडेला तिचा अंगठा दिसतोय, तळाला पार गुळगुळीत झाली आहे.